काच नाही म्हणाली

कारखान्यात तिला सगळे नंबरताई म्हणत. खरं नाव पगाराच्या यादीत होतं आणि तिथंच सुखानं नांदत होतं. चष्म्याच्या काचा तयार करण्याचा कारखाना तो. पुढं रस्त्याला लागून दुकान, मधे ढकलायचं दार, आणि मागं लांबट खोलीत यंत्रांची रांग. एक काच घासणारं, एक तिला झिलई देणारं, एक फ्रेमच्या मापाला कापणारं. रांगेच्या अगदी शेवटी, खिडकीपाशी, उंच स्टुलावर नंबरताई. तयार झालेली प्रत्येक काच तिच्या पुढ्यातल्या नंबर मोजायच्या यंत्राखाली यायची. ती एक डोळा मिटायची, चाक फिरवायची, सोबतच्या कार्डावरचा आकडा बघायची आणि म्हणायची, "चालेल." नाहीतर म्हणायची, "परत." तिनं परत म्हटलं की रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसलेले काका कपाळावर हात मारून घ्यायचे.

काका म्हणजे तिथले सगळ्यात जुने घासणारे. यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची त्यांना इतकी सवय, की घरीही बायको कानात कापूस घालते म्हणे. "अगं, एकदा तरी चुकून चालेल म्हण!" ते तिकडून ओरडायचे. "चुकून म्हणायला मला इथं बसवलेलं नाही," ही इकडून. हे भांडण इतकं जुनं झालं होतं की एखाद्या दिवशी झालं नाही तर दोघांनाही चुकल्यासारखं व्हायचं.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नंबरताई समाधानी बाई नव्हती. समाधानी बायकांच्या गोष्टी ज्यांना आवडतात त्यांनी दुसरीकडं बघावं. तिचं काम चांगलं होतं, मान होता, नवरा सरळ होता. पण तिला आत कुठंतरी एक खुपत होतं. ऐन उमेदीची वर्षं तिनं दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टीला चालेल किंवा परत म्हणण्यात घालवली होती. स्वतः केलेलं असं तिच्याकडं काही नव्हतं. कधीतरी एखाद्या गोष्टीवर बोट ठेवून हे माझं आहे असं म्हणावं, आणि ते परत येऊ नये, एवढीच तिची इच्छा. ऐकायला लहान वाटते, पण लोक अशा इच्छा घेऊन म्हातारे होतात.

तिची धाकटी नणंद कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवायची. रविवारी भावाकडं यायची, जेवायची, आणि जेवल्यावर वहिनीला छळायची. एका रविवारी ती म्हणाली, "वहिनी, तू दिवसभर लोकांच्या चुका काढतेस. प्रोग्रॅम लिहायला हाच गुण लागतो. फक्त तिथं स्वतःच्या चुका काढायच्या."

"स्वतःच्या असत्या तर काढल्या असत्या," वहिनी म्हणाली.

"बघूया किती निघतात ते," नणंद म्हणाली, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

निघाल्या. ढिगानं निघाल्या. पहिल्या वर्षी नंबरताईनं लिहिलेला एकही प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला नाही, आणि प्रत्येक वेळी तिला काकांचं कपाळ आठवायचं. पण बाई चिवट. भांडी आवरली की बसायची. हळूहळू तिला क्लास म्हणजे काय ते कळलं. क्लास म्हणजे साचा. त्या जातीच्या वस्तूला काय काय ठाऊक असेल आणि काय काय करता येईल हे साच्यात एकदा लिहायचं, आणि मग त्यातून हव्या तेवढ्या वस्तू काढायच्या. त्या वस्तूला ऑब्जेक्ट म्हणायचं. तिनं आपला पहिला खरा क्लास लिहिला आणि त्याला नाव दिलं 'काच'. दुसरं काय सुचणार होतं? प्रत्येक काचेला आपण कुठल्या डोळ्याची, कुठल्या नंबरची, कुठल्या फ्रेमची हे माहीत असायचं.

मग ती मालकांकडं गेली. मालक तापट, पण मनात काही न ठेवणारे. मनात ठेवायला आधी ऐकून घ्यावं लागतं, आणि तेवढा त्यांना धीर नसे. काउंटरवरची ऑर्डर तेव्हा चिठ्ठीवर मागं यायची, तेलकट हातांतून फिरायची आणि काकांपर्यंत पोचेतो तीनाचा आठ झालेला असायचा. "मी प्रोग्रॅम लिहिते," नंबरताई म्हणाली. "काउंटरवर नंबर टाकला की मागं छापील कार्ड येईल."

"लिहा," मालक म्हणाले. "पण स्टूल सोडायचं नाही."

तिनं लिहिला, आणि काय सांगू, चालला! काउंटरवर ऑर्डर आली की आत एक काच जन्माला यायची, आणि जन्मल्या जन्मल्या तोंड उघडायची. स्क्रीनवर प्रश्न उमटायचा, नंबर किती? मायनस की प्लस? कुठला डोळा? उत्तर मिळेपर्यंत काच जागची हलायची नाही. मिळालेलं उत्तर वेडंवाकडं असलं तर पुन्हा विचारायची. नणंदेनं ते पाहिलं आणि नाक मुरडलं. "वहिनी, विचारायचं काम काचेला का दिलंस? काचेनं काच असावं. विचारणारा बाहेर ठेव."

"चालतंय ना? मग?"

"आज चालतंय," नणंद म्हणाली.

चांगले सहा-सात महिने चाललं. मग मालकांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला शाखा काढली. तिथं नुसतं दुकान होतं, काचा इथंच घासायच्या. तिकडची मंडळी आदल्या दिवसाच्या सगळ्या ऑर्डरी एका फाइलीत भरून सकाळी पाठवणार, आणि प्रोग्रॅमनं ती फाइल वाचून कार्डं छापायची, असं ठरलं. पहिल्या सकाळी नंबरताईनं फाइल लावली. पहिली काच जन्माला आली आणि तिनं विचारलं, नंबर किती?

नंबर फाइलीत होता. पण काचेला फाइल काय ठाऊक? तिच्या साच्यातच लिहिलेलं, की समोर बसलेल्या माणसाला विचारायचं आणि तो टाइप करेपर्यंत थांबायचं. काउंटरवरच्या मुलीनं फाइल कागदावर छापून घेतली आणि एकेका प्रश्नाचं उत्तर द्यायला बसली. एका चष्म्याला दोन काचा, एका काचेला तीन प्रश्न. दुकानात गिऱ्हाईक ताटकळलेलं, मागं यंत्रं गप्प. काका हात पुसत बाहेर आले, स्क्रीनमध्ये डोकावले आणि म्हणाले, "इतके प्रश्न तर लग्नाआधी माझ्या सासऱ्यानंही विचारले नव्हते."

दुपारी मालक आले तेव्हा सगळा कारखाना चहा पीत बसला होता. मालक काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

नणंदेनं 'सांगितलं होतं' असं तोंडानं म्हटलं नाही. नुसत्या भुवया वर केल्या. नंबरताईला ते जास्त झोंबलं, आणि झोंबलं की माणूस जसं करतं तसंच तिनं केलं. रागाच्या भरात काचेच्या साच्यातून सगळं उपसून बाहेर काढलं. प्रश्न काढले, पडताळणी काढली, मायनस-प्लस काढलं, आणि सगळं नेऊन काउंटरच्या स्क्रीनवर ठेवलं. तिथं आता दोन सुरेख बटणं आली, एक मायनसचं आणि एक प्लसचं. काच मुकी झाली. जे देतील ते घ्यायची आणि पुढं जायची. फाइल लावली की सपासप कार्डं छापून बाहेर. मालक खूश, शाखा खूश. ती आगीतून निघून फुफाट्यात पडली होती हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

इथं त्या कारखान्याची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं. नंबर दोन जातींचा. लांबचं न दिसणाऱ्याला मायनस, जवळचं न दिसणाऱ्याला प्लस. त्यांच्याकडं मायनसवाले जास्त. त्यामुळं काकांच्याही आधीपासून तिथं बोलायची पद्धत अशी, की नुसतं 'अडीच' म्हटलं तर मायनस अडीच समजायचं. प्लस असेल तरच मुद्दाम प्लस म्हणायचं. कुणी कुणाला हे शिकवलेलं नव्हतं, पाणी खाली वाहतं तसं ते सगळ्यांना माहीत होतं. नवीन शाखेत बसवलेली माणसं याच कारखान्यातली. त्यांनी फाइलीत तसंच लिहिलं, अडीच, सव्वादोन, पावणेतीन, आकड्यात, चिन्हाविना. आणि संगणकाची रीत बरोबर उलटी. आकड्याच्या आधी काही नसलं तर तो प्लस समजतो. काउंटरवर बटण होतं, तिथं प्रश्न आला नाही. फाइलीला बटण कुठलं? सुरुवातीला शाखेकडून आल्या त्या सगळ्या वाचायच्या चष्म्यांच्या ऑर्डरी, खऱ्याच प्लसच्या, म्हणून काही दिवस निभावलं. मग बस डेपोची ऑर्डर आली.

नंबरताईचा नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर. डेपोनं ड्रायव्हरांचे डोळे तपासून घेतले आणि ज्यांना लांबचं कमी दिसत होतं त्यांना चष्मे करून दिले. संध्याकाळी ड्यूटी संपवून तो घरी आला, नवा चष्मा लावून जेवायला बसला.

"कसा आहे?" तिनं विचारलं.

"झकास."

"नीट दिसतंय?"

"एकदम स्वच्छ," तो म्हणाला, आणि तांब्यातलं पाणी पेल्याच्या शेजारी ओतलं.

तिनं त्याच्या नाकावरचा चष्मा उचलला आणि टेबलावरच्या वर्तमानपत्रावर धरला. मायनसच्या काचेतून अक्षर बारीक दिसतं. हे टपोरं दिसत होतं.

"तुला काहीच दिसत नव्हतं ना?"

"म्हणजे... थोडं धूसर होतं," तो खाली बघत म्हणाला. "पण तुमच्या कारखान्याचा चष्मा! मला वाटलं, डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागत असेल. आणि तुला वाईट वाटलं असतं."

असा नवरा मिळायला भाग्य लागतं, आणि अशा नवऱ्यामुळं माणूस खड्ड्यात जातं ते वेगळं. "बाकीच्यांचं काय?" तिनं विचारलं. बाकीचे म्हणत होते की डेपोच्या फाटकावरची पाटीही गायब झाली, पण त्यांना तक्रार करायची सवयच आहे, असं याचं मत. चष्मे संध्याकाळीच मिळाले होते, लावून बस चालवायची उद्यापासून. तिनं त्याला जेवणावरून उठवलं आणि डेपोत फोन करायला लावला. उद्या कुणीही हा चष्मा लावून गाडीवर बसायचं नाही.

तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की त्या सगळ्या काचा तिच्याच यंत्राखालून गेल्या होत्या. तिनंच प्रत्येकीला चालेल म्हटलं होतं. कार्डावर प्लस होतं, काच प्लस होती, जुळत होतं. कार्ड तिच्या स्वतःच्या प्रोग्रॅमनं छापलेलं, म्हणून तिनं त्याच्यावर शंका घेतली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दुसऱ्या दिवशी मालक ओरडले नाहीत. तेच वाईट होतं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही मनापासून केलं, मला मान्य आहे. पण मी बाहेरच्या कंपनीला बोलावलंय, तयार प्रोग्रॅम घेऊन त्यांचा माणूस पुढच्या शुक्रवारी दाखवायला येतोय. तोवर तुमचाच चालवा. एक जरी उलटी काच बाहेर गेली, तर त्याच दिवशी बंद. नाही गेली, तरी शुक्रवारी बघू. तुमचं स्टूल तुमचंच आहे."

तुमचं स्टूल तुमचंच आहे. मालकांनी दिलासा द्यायला म्हटलं, आणि तिला ते शिक्षा सुनावल्यासारखं ऐकू आलं.

रविवारी दुपारी नणंद आली. या वेळी भुवया जागेवर होत्या. दोघी टेबलापाशी बसल्या. "मला कळत नाही," नंबरताई म्हणाली. "आत ठेवलं तर अडलं, बाहेर काढलं तर बुडालं. मग ठेवू कुठं?"

"तू काय काय बाहेर काढलंस?"

"सगळंच. विचारणं, तपासणं..."

ती मधेच थांबली. विचारणं आणि तपासणं. ही दोन वेगळी कामं होती! इतकी वर्षं ती स्वतः स्टुलावर बसून काय करत होती? तिनं कधी एका तरी गिऱ्हाइकाला नंबर विचारला होता का? विचारणारे पुढं, दुकानात. तिच्याकडं काच कुठूनही येवो, कुणाच्याही हातून येवो, तपासल्याशिवाय पुढं जात नव्हती. आणि प्रोग्रॅम लिहिताना तिनं नेमकी ही दोन कामं एकाच गाठोड्यात बांधली होती. आधी गाठोडं आत ठेवलं, मग गाठोडं बाहेर फेकलं. सुक्याबरोबर ओलंही जाळलं.

"विचारायचं बाहेर," ती सावकाश म्हणाली. "तपासायचं आत. काच कुणाला काही विचारणार नाही. पण चुकीचा नंबर दिला तर ती जन्मालाच येणार नाही."

"लिही," नणंद म्हणाली, आणि उठून चहा टाकायला गेली. त्या घरात नणंदेनं चहा टाकल्याची ही पहिलीच वेळ.

तिनं लिहिलं. काचेच्या साच्याला आता आकडा वेगळा आणि चिन्ह वेगळं द्यावं लागे. चिन्ह नसेल तर काच नाही. नंबर पाव-पावच्या पायरीनं वाढतो, मधलाच कुठलातरी आकडा आला तर काच नाही. यंत्राच्या आवाक्याबाहेरचा असेल तर काच नाही. आणि नाही म्हणताना का नाही ते एका ओळीत सांगायचं. एकदा बनलेल्या काचेचा नंबर आत झाकून ठेवला, म्हणजे मागच्या दारानं कुणी येऊन बदलायला नको. बदलायचा तर पुन्हा त्याच तपासणीतून जायचं.

आणि विचारणारे? ते बाहेर, ज्याचे त्याचे. काउंटरला बटणं. शाखेला फाइल. मालकांना त्यांच्या केबिनमधल्या स्क्रीनवर एक झटपट खिडकी, कारण त्यांना तातडीच्या ऑर्डरीत प्रश्न नको होते. आणि काकांसाठी, हो, काकांसाठीसुद्धा एक! फुटलेली काच बदलून घासायची असली की काकांना नंबर टाकावा लागे, आणि दशांश चिन्ह दिसलं की त्यांचं डोकं फिरे. त्यांची खिडकी नंबरताईनं अशी लिहिली, की जसं बोलतात तसं टाका. सोमवारी काकांनी एका बोटानं टाइप केलं, 'मायनस पावणेतीन'. कार्ड छापून आलं. काकांनी मग 'प्लस सव्वादोन' करून पाहिलं. तेही आलं.

"अगं, हे माझ्याशी माझ्या भाषेत बोलतंय!" ते इतक्या मोठ्यानं ओरडले की दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं.

शाखेत मात्र बोंब झाली. अर्धीअधिक फाइल परत. प्रत्येक ओळीपुढं एकच कारण, चिन्ह नाही. फोन आला, "अहो, नेहमीचंच आहे. मायनस. तुम्हाला माहीत नाही का?"

"मला माहीत आहे. काचेला नाही. लिहून पाठवा."

"आधीचं बरं होतं."

"आधीचं डेपोला विचारा कसं होतं," नंबरताई म्हणाली आणि फोन ठेवला. मंगळवारी परत आलेल्या ओळी कमी झाल्या, बुधवारी एकही नाही.

गुरुवारी दुपारी केबिनमधून मालकांचा आवाज आला. "ताई! इकडं या!" सगळी रांग ऐकत होती. ती स्टुलावरून उतरून केबिनमध्ये गेली.

डोळ्यांच्या इस्पितळातून तातडीची ऑर्डर आली होती. तिथल्या मदतनिसानं फोनवर सांगितलेलं, लहान मूल, दोन्ही डोळे दहा, उद्या सकाळी हवा. मालकांनी आपल्या झटपट खिडकीत दहा टाकला. स्क्रीनवर ओळ आली, चिन्ह नाही, काच बनवता येणार नाही. पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

"दहा म्हणजे मायनस दहा," मालक म्हणाले. "एवढा मोठा नंबर, आणि तोही लहान मुलाचा, दुसरं काय असणार? उद्या तो कंपनीवाला येतोय आणि तुमचा प्रोग्रॅम मला अडवतोय. मला! माझ्या कारखान्यात!"

"मी नाही अडवत, मालक. काच नाही म्हणतेय."

"मग सांगा तिला हो म्हणायला! या खिडकीत प्रश्न नकोत असं मी बजावलं होतं."

"प्रश्न विचारलाच नाही तिनं. विचारायचं काम मी तिच्याकडून काढून घेतलंय. पण अर्धवट नंबराची काच ती होणार नाही. तुम्ही मायनस दाबा, ती या क्षणी हो म्हणेल. फक्त ते तुम्ही दाबायचं. अंदाज तिनं करायचा नाही, आणि मीही नाही."

मालकांनी रागारागानं बोट उचललं आणि मायनसच्या कळेवर नेलं. आणि बोट तिथंच थांबलं.

मनातल्या मनात मायनस समजणं वेगळं. ते आयुष्यभर समजत आले होते, त्याला काही लागत नव्हतं. पण स्वतःच्या बोटानं दाबायचं म्हटल्यावर, आपण हे सांगतोय, असं सांगावं लागतं. आणि मालकांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी बोट मागं घेतलं, फोन उचलला आणि थेट इस्पितळातल्या डॉक्टरीण बाईंना लावला.

"मायनस?" पलीकडचा आवाज नंबरताईलाही ऐकू आला. "अहो, मोतीबिंदू काढलाय त्या मुलीचा! दोन्ही डोळ्यांचा. प्लस दहा. तुम्ही मायनसची तर नाही ना घासली?"

"नाही," मालक म्हणाले. "नाही, नाही. अजून नाही."

फोन ठेवून त्यांनी कळफलक पुढं ओढला. मग त्यांनी स्वतः प्लस दाबलं, दोनदा, उजव्या आणि डाव्या डोळ्यासाठी. कार्ड मागं गेलं. काकांनी त्या दोन काचा अशा घासल्या की त्यांनी बायकोचा चष्माही कधी तसा घासला नसेल. संध्याकाळी त्या यंत्राखाली आल्या. नंबरताईनं चाक फिरवलं, कार्ड बघितलं, मग डॉक्टरीण बाईंचा निरोप पुन्हा मनाशी म्हटला, आणि तेव्हा कुठं म्हणाली, "चालेल."

शुक्रवारी कंपनीचा माणूस आला. बूट चकचकीत, बोलणं त्याहून. त्यानं मालकांच्या केबिनमध्ये आपला प्रोग्रॅम उघडला, रंगीत चौकोन दाखवले, आलेख दाखवले. "आणि साहेब, सगळ्यात मोठी गोष्ट, हा कुठं अडत नाही. काहीही टाका, घेतो."

"सरकवा इकडं," मालक म्हणाले, आणि दहा टाकला. नुसता दहा. प्रोग्रॅमनं तो आनंदानं घेतला आणि खाली हिरवी खूण दाखवली.

"ही काच मायनस की प्लस?" मालकांनी विचारलं.

"साहेब, तुम्ही जी टाकली ती."

"मी कुठली टाकली?"

तो माणूस स्क्रीनवर चिन्ह शोधू लागला. मालक उठले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला अगदी प्रेमानं म्हणाले, "चहा घेऊन जा."

तेवढ्यात पुढच्या दुकानात ती मुलगी आली. तीनेक वर्षांची, आईच्या कडेवर, मान खांद्यात खुपसून. मालकांनी मागच्या सगळ्यांना हाक मारली, हे असं कधी झालं नव्हतं. फ्रेमवाल्यानं चष्मा घातला, कानामागं पट्टी बसवली. मुलीनं तो ओढून काढायला हात वर नेला आणि हात हवेतच राहिला. तिनं आईच्या चेहऱ्याकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग एक बोट पुढं करून आईच्या नाकावरचा तीळ दाबला, तो तिथंच आहे का ते बघायला. आई हसायला गेली आणि तिला हुंदका आला. मुलगी आता सगळीकडं बघू लागली, दिव्याकडं, फ्रेमच्या रांगांकडं, काकांच्या मिशीकडं. मिशी बघून मात्र ती खदखदून हसली.

"हसते कशी बघा," काका गहिवरून ओरडले.

"कुणी केला हा?" आईनं डोळे पुसत विचारलं. असं कुणी विचारलं की मालक नेहमी म्हणायचे, आमच्या कारखान्यानं. त्यांनी तोंड उघडलंही. पण काकांनी त्यांना बोलू दिलं नाही.

"घासला मी," काका म्हणाले. "पण मी उलटा घासला असता, आणि आमच्या मालकांनी उलटाच सांगितला असता. या बाईनं लिहिलेल्या प्रोग्रॅमनं आम्हा दोघांना अडवलं. हिला धरा."

सगळे तिच्याकडं वळले. नंबरताईला वाटलं होतं की अशा वेळी आपल्याला रडू येईल. आलं नाही. तिला आनंद झाला, नुसता खणखणीत आनंद, आणि तो लपवायची तिला जरासुद्धा गरज वाटली नाही. ती आईजवळ गेली, मुलीच्या कानामागची पट्टी एकदा चाचपून पाहिली आणि म्हणाली, "हो, माझा आहे तो."

मालक पुढं आले. "ताई, स्टुलावर सोमवारपासून दुसरं कुणीतरी बसवतो," ते म्हणाले. "तुम्ही त्याला परत म्हणायला शिकवा. आणि मग तुमच्या कामाला लागा. शाखेच्या त्या फाइलीचं काहीतरी करायला हवं, त्यांनाही काकांसारखी खिडकी द्या."

"देते," नंबरताई म्हणाली. "पण त्यांनाही चिन्ह सांगावंच लागेल."

"सांगतील," मालक म्हणाले. "मला सांगावं लागलं, ते कोण लागून गेले?"